डुकरात डुक्कर

मोजणीच्या बाबतीत माझा हात धरणारं माणूस अख्ख्या केज तालुक्यात नाही, हे आत्ताच सांगून टाकते. शेवटी सांगायला तोंड राहणार नाही! मी तेजश्री. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. तळ्यावरचे बगळे मोजलेत, माळावरची हरणं मोजलीत. लग्नाच्या जेवणाला गेले तरी आधी पंगत मोजते आणि मग जिलेबी मागते.

तर अशा मला एक दिवस बाबांनी विचारलं, "तेजू, आपल्या जिल्ह्यात आता डुकरं किती उरली असतील गं?"

थांबा. सगळा घोळ याच शब्दापासून सुरू झाला, म्हणून आधी व्याख्या. आमच्या घरात डुक्कर म्हणजे मोटार. जुनी फियाट अकराशे. जन्मानं इटलीची, जुळवलेली मुंबईत. अंगानं गोलमटोल, आणि नाकाड असं पुढं काढलेलं की आत्ता भुईमूग उकरायला लागेल! त्या नाकाडावरून जुनी माणसं तिला 'डुक्कर फियाट' म्हणायची. आमच्याकडं पुढं फियाट गळालं आणि डुक्कर तेवढं उरलं. "डुक्कर धुतलं का?", "डुकरात पेट्रोल आहे का?", "मावशीला डुकरातून सोडून ये" अशी वाक्यं ऐकत मी लहानाची मोठी झाले. पाहुणे दचकायचे. आम्हाला कळायचंच नाही, का दचकतात.

माझे बाबा, अर्जुनराव, युसूफ वडगावात विज्ञान शिकवायचे. शाळेतून निवृत्त झाले, डुकरातून नाही. रोज सकाळी आधी डुकराला फडकं, मग देवाला फूल. अशी गाडी एके दिवशी ओढ्याचा चढ चढताना मागून 'खळ्ळ' असा आवाज करून थांबली, ती थांबलीच. मागच्या आसातलं मोठं दातेरी चाक, ज्याला बाबा क्राऊन म्हणतात, त्याचे दात गेले होते. बीड झालं, लातूर झालं, संभाजीनगर झालं, तो भाग कुठंच मिळेना. मुंबईच्या एका दुकानदारानं तर फोनवर सांगितलं, "काका, तुमच्या गाडीचे दात आता फक्त कवळीतच मिळतील!"

आणि नेमकी तेव्हाच आईची डाळीची गिरणी मंजूर झाली. आईचं नाव पौर्णिमा, पण बचत गटात तिचा शब्द म्हणजे उन्हाळ्यातलं ऊन. गिरणी मंगळवारी येणार, ठेवायला जागा एकच, डुकराची पत्र्याची शेड!

"गाडी दारात लिंबाखाली लावू की," बाबा म्हणाले.

"चालती असली तर लावा," आई म्हणाली. "मढं कुणी दारात ठेवत न्हाई. मंगळवारी सिरसाळ्याचा भंगारवाला येणार हाय. तवर चालली तर तुमची, न्हाईतर त्याची."

आईचंही चुकत नव्हतं. दहा बायकांचं काम त्या गिरणीवर अवलंबून होतं. बाबा भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी पेपर घेतला आणि ते जाऊन डुकरात बसले. तो पेपर आदल्या दिवशीचा होता, वर त्यांनी उलटा धरला होता.

ते मला बघवेना. मी विचार केला, हा सरळसरळ माझ्या विषयातला प्रश्न आहे. प्रजात नामशेष व्हायला आलीय. तर आधी गणना! कुठंतरी एखादं पडून असलेलं डुक्कर सापडेल, त्याचा अवयव आपल्या डुकराला बसवू. मी व्हॉट्सॲपवर निवेदन टाकलं:

"बीड जिल्ह्यात शिल्लक राहिलेल्या जुन्या डुकरांची गणना सुरू आहे. आपल्या शेतात, गोठ्यामागे, कुठेही डुक्कर असल्यास कळवावे. चालते असो वा बसलेले. बसलेले असल्यास आम्ही स्वतः येऊन घेऊन जाऊ. आपली, तेजश्री, एम.एस्सी. प्राणिशास्त्र."

खाली गाडीचा छान फोटो जोडला. फोटो दिसतोय म्हटल्यावर 'फियाट' कशाला लिहायचं? शास्त्रीय लेखनात अनावश्यक शब्द टाळतात!

कुणा भल्या माणसानं तो मजकूर तेवढा उचलला आणि शेतकऱ्यांच्या एका गटात टाकला. तिथून दुसऱ्या, दुसऱ्यातून दहाव्या. मजकूर जिल्हाभर हिंडला. फोटो मात्र घरीच राहिला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी पहिला फोन.

"हॅलो, डुकरावाल्या मॅडम का?"

"हो, बोला ना!"

"आमच्यात हाय एक."

"वा! चालू आहे का?"

"चालू? लई चालू हाय! परवा दोन कुत्र्यांना चकवून गेलतं."

मी मनात नोंद केली, वेग उत्तम. "रंग कोणता?"

"काळा."

"मूळचा, की मागाहून दिलेला?"

"डुकराला रंग कोण देतंय बे! माफ करा मॅडम, 'बे' निसटलं तोंडातून."

"असू द्या. तेल खातं का?"

"भुईमूग खातंय. म्हंजी तेलच की!"

माणूस मोठा विनोदी वाटला मला! पाठोपाठ एका बाईंचा फोन. "मॅडम, आमच्याकडं एक न्हाई, कळपच हाय."

"कळप? एकाच मालकाकडे?"

"मालक कुठला ओ त्यांना? कुणाच्या बापाला भेत न्हाईत."

मी समजले, बेवारस आहेत. दुपारपर्यंत फोन इतका तापला की त्यावर भाकरी भाजता आली असती. ज्या गावात बैलगाडीही उरली नसेल, त्या गावातसुद्धा डुक्कर! मी धावत शेडमध्ये गेले. "बाबा, नामशेष कुठली! आपल्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त आहेत. आणि सगळी चालू!"

बाबांचे डोळे भरून आले. "बघ तेजू! लोक आपल्या माणसांना नावं ठेवतात. पण जपतात गं, जपतात!"

अडचण एवढीच होती, की चालू गाडीचं चाक आपल्याला कोण देणार? बसलेलं एकही सापडेना. आणि मग संध्याकाळी नांदूरघाटहून फोन आला.

"मॅडम, मी कारभारी बोलतोय. आमच्या गोठ्यामागं बसलंय बघा एक. हलंनाच!"

"बसलंय?" मी ओरडलेच. "अजिबात हलत नाही?"

"दगड मारला, फटाका वाजवला. हलायचं नाव न्हाई. उलट गुरगुर करतंय."

बाबांनी माझ्या हातातून फोन ओढला. "गुरगुरतं? म्हणजे इंजिन चांगलं आहे! मागची बाजू शाबूत आहे का हो?"

"मागची बाजू कोण बघतंय सर? तोंड आमच्याकडं करून बसलंय ना!"

"काही करू नका. कुणाला हात लावू देऊ नका. उद्या येतो आणि घेऊन जातो."

पलीकडं आवाज गहिवरला. "घेऊन जाता? सर, लई उपकार झाले."

"अहो, उपकार तुमचे!"

"न्हाई सर, तुमचे!"

असे दोघं एकमेकांचे उपकार एकमेकांवर ढकलत राहिले, ते माझ्या फोनची बॅटरी संपेपर्यंत.

सकाळी आदिनाथच्या छोट्या हत्तीतून निघालो. हा हत्तीही प्राणी नव्हे, टेम्पो आहे. आमच्याकडं वाहनांना अशीच नावं देतात, याला मी काय करू? आदिनाथ ट्रॅक्टर दुरुस्त करतो. त्याच्या मते जगातली सगळी यंत्रं मुळात ट्रॅक्टरच, काही थोडी बिघडलेली. त्यानं जॅक, पाने, साखळी असं सगळं भरलं होतं.

कारभारींच्या शेतात पोचलो तर निम्मं गाव गोळा! हातात काठ्या, कुऱ्हाडी, एकाकडं मासे धरायचं जाळं. आमच्यासाठी नारळ आणि हार. एका जुन्या मोटारीसाठी एवढं प्रेम! मी बाबांकडं पाहिलं. बाबांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"एवढीच माणसं?" कारभारींनी आमच्यामागं डोकावून पाहिलं. "कशानं धरणार?"

"साखळी आणलीय की," आदिनाथ म्हणाला. "साखळी बांधायची अन् ओढून टेम्पोत घालायचं."

"आरारारा!" गर्दीतून आवाज आला. "जिवंत?"

"सर, आधी इंजेक्शन देणार असाल ना?" कारभारींनी विचारलं.

बाबा वर्गात हसायचे तसे हसले. "अहो कारभारी, याला इंजेक्शन नसतं. नव्यांना असतं. याला कार्बोरेटर!"

गर्दीनं आदरानं माना हलवल्या. "नवीन औषध निघालं असंल," कुणीतरी पुटपुटलं.

गोठ्याला वळसा घातला. वेड्या बाभळींचं रान माजलं होतं, आणि त्या काट्यांच्या आत, कडब्यानं निम्मं झाकलेलं, गंजून तपकिरी झालेलं, पण नाकाड अजून ताठ पुढं काढलेलं...

"डुक्कर!" बाबा किंचाळले आणि धावत सुटले.

"सर, थांबा! आत डुक्कर हाय!"

"आत नाही हो, हेच डुक्कर!"

"ह्ये न्हाई, ह्यो डबा हाय! डुक्कर आत हाय!"

"डबा? याला डबा म्हणता?" बाबांनी वळून त्यांना झापलं. "इटलीचं डुक्कर आहे हे!"

"कुठलं बी असू द्या सर, चावतंय!"

पण बाबांना आता कोण थांबवणार! त्यांनी मोडक्या खिडकीतून आत डोकं घातलं. आतून आवाज आला, 'घुर्रर्र!' बाबांनी डोकं बाहेर काढलं. चेहरा आनंदानं उजळलेला. "तेजू, बॅटरीशिवाय..."

वाक्य तिथंच राहिलं. दाराच्या भोकातून काळं, केसाळ, सुळेवालं असं काहीतरी बंदुकीच्या गोळीसारखं सुटलं. नांदूरघाटची सगळी जनता जमेल त्या दिशेला उधळली. जाळंवाला स्वतःच जाळ्यात गुरफटून पडला. आदिनाथ हत्तीवर चढला. मी कडब्याच्या गंजीवर. आणि बाबा? साठी उलटलेले, गुडघेदुखीचे, देवळाच्या पायऱ्या मोजून चढणारे माझे बाबा उडी मारून थेट गाडीच्या टपावर!

एक फेरी मारून ते जनावर परत वळलं, टपावरच्या बाबांकडं एक नजर टाकली, आणि खाली आत जाऊन बसलं. आता दृश्य असं: डुकरात डुक्कर, डुकरावर बाबा.

गंजीवरून मला गाडीतलं नीट दिसत होतं. मागच्या बाकाच्या कुजलेल्या काथ्यात काहीतरी वळवळत होतं. पिवळसर पट्ट्यांची चिमुकली पिल्लं! रानडुकरीण विऊन तिथं बसली होती. आणि त्या क्षणी कालचे सगळे फोन माझ्या कानात पुन्हा वाजले. भुईमूग. कुत्री. बापाला भेत न्हाईत. अरे देवा! प्राणिशास्त्रात प्रथम श्रेणी मिळवून मी दिवसभर रानडुकरांना त्यांचं मॉडेल विचारत होते!

गंजीवर बसूनच मी सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. आधी कुणाला कळलं नाही. मग कळलं आणि हशा झाला. पण कारभारी हसले नाहीत.

"म्हंजी तुमी डुक्कर न्यायला आलाच न्हाई?"

"आलोय, पण... बाहेरचं."

"आन आतलं कुणी न्यायचं? अर्धा भुईमूग खाल्ला तिनं माझा! रातभर राखण करून डोळे फुटले." त्यांचा आवाज चढला. "चला रे, आपुनच काढू!"

काठ्या वर झाल्या. तरुण पोरं पुढं सरकली. "मारू नका हो!" बाबा टपावरून ओरडले. मी ओरडले. कायदा सांगितला, पिल्लं असताना ती किती चवताळते ते सांगितलं. माझ्या एम.एस्सी.कडं कुणी ढुंकून बघेना. तेवढ्यात गोठ्यातून कारभारींच्या पत्नी, भामाबाई, शेणानं भरलेले हात तसेच घेऊन आल्या.

"कावून गलका चाललाय? काय झालं?"

"आत पिल्लं आहेत, काकू," मी म्हणाले. "नुकतीच झालीत."

भामाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. मग काठ्यांकडं. "बाळंतीण हाय ती?"

एका पोरानं काठी पाठीमागं लपवली.

"बाळंतिणीवर काठी उगारता? लाजा न्हाईत? खाली करा त्या!"

काठ्या खाली आल्या! माझ्या सगळ्या शास्त्रानं झालं नव्हतं ते त्या एका शब्दानं झालं. मला वाटलं, जाऊन त्यांच्या पाया पडावं. पण गंजीवरून उतरायचा धीर होत नव्हता. आणि लगेच पुढचं संकट उभं राहिलं.

"सव्वा महिना झाला की जाईल आपली आपण," भामाबाई शांतपणे म्हणाल्या.

"सव्वा महिना?" बाबा टपावर उभे राहिले. खालून 'घुर्र' झालं, ते परत बसले. "अहो ताई, मंगळवारी माझं डुक्कर भंगारात जाईल!"

"काकू, रानडुकरांत सव्वा महिना नसतो!" मी कळवळून म्हणाले. "पिल्लं चालायला लागली की ती जागा बदलते. आणि ही चालतायत, मी बघतेय ना. आपण गप्प राहिलो, एक बाजू मोकळी सोडली, तर ती आज संध्याकाळीसुद्धा निघेल."

"आन न्हाई निघाली तर?" कारभारींनी विचारलं.

बाबांनी टपावरून हात जोडले. "कारभारी, तुमचं नुकसान झालंय, मला कळतंय. पण संध्याकाळपर्यंत थांबा. मीही थांबतो." मग ते म्हणाले, "तसंही मला उतरता येत नाही."

तेव्हा कुठं कारभारी हसले!

आणि मग तो अख्खा दिवस ते सगळं गाव गप्प बसलं. ज्यांची ज्वारी गेली होती, भुईमूग गेला होता, ती माणसं ओढ्याकडची बाजू मोकळी सोडून बांधावर बसून राहिली. कुणी तंबाखू मळली, तीही आवाज न करता. भामाबाईंनी पिठलं-भाकरी केली. बाबांची भाकरी लांब काठीच्या टोकाला फडक्यात बांधून टपावर पोचवली. पिठलं पोचताना थोडं बाबांच्या टोपीवर सांडलं. बाबा म्हणाले, इतकं चवदार पिठलं उभ्या जन्मात खाल्लं नाही. कुठून खाल्लं, टोपीवरून की भाकरीवरून, ते मी विचारलं नाही.

दिवेलागणीला ती बाहेर आली. नाक वर करून वास घेतला. आमच्याकडं पाहिलं. मग ओढ्याच्या दिशेनं चालू लागली, आणि तिच्यामागं एकामागोमाग एक पट्टेवाली पिल्लं. शेवटचं एक दाराच्या पत्र्याला अडखळून पडलं, उठलं, पळालं. कुणी हूं की चूं केलं नाही. कारभारींनी जाळंवाल्याच्या तोंडावर हात ठेवला होता. मी आजवर इतके प्राणी मोजले. त्या दिवशी पिल्लं मोजायची राहिली माझी.

पिल्लं ओढ्यात उतरल्यावर सगळं गाव गाडीला भिडलं. ट्रॅक्टरचे दिवे लावले, काटे तोडले, हातांवर उचलून गाडी उलथवली. मागचा आस उघडला, आणि आत, जुन्या घट्ट वंगणात, क्राऊन असा चकचकीत की बाबांनी त्याला हात लावायच्या आधी स्वतःचे हात पुसले. सगळे दात शाबूत!

"काय देऊ, कारभारी?" बाबांनी विचारलं.

"काय देताव? मालकीण जागा खाली करून गेली ते काय थोडं हाय?" कारभारी म्हणाले. "फकस्त एक करा. डुक्कर चालू झालं की एकडाव दाखवायला आणा. आमी आजपातूर त्याला डबा म्हणत हुतो. कसं चालतंय ते बघू तरी!"

घाईत काही हरवू नये म्हणून काढलेल्या प्रत्येक भागावर मी डावा, उजवा असं काळ्या पेनानं लिहून ठेवलं. अचूकपणा हा माझा स्वभावच आहे!

सोमवारी दिवसभर बाबा आणि आदिनाथ गाडीखाली होते. मंगळवारी सकाळी गिरणी आली. भंगारवालाही आला. बचत गटाच्या बायका हळदीकुंकू घेऊन. डुक्कर शेडमध्ये दाराकडं तोंड करून उभं होतं. बाबांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, शिंकलं, आणि लागलं! बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी आईकडं विजयी नजरेनं पाहिलं, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला...

आणि डुक्कर दिमाखात मागं गेलं! मागच्या पत्र्याच्या भिंतीतून आरपार. धडाड! भिंत आडवी, गाडी परसात, चार कोंबड्या छपरावर.

बाबा घाबरले. लवकर पुढं यावं म्हणून त्यांनी दुसरा गिअर टाकला. डुक्कर आणखी जोरात मागं गेलं!

"बाबा, रिव्हर्स टाका! रिव्हर्स!" मी ओरडले. त्यांनी टाकला. आणि डुक्कर मान खाली घालून, गोगलगायीच्या चालीनं, पडलेल्या भिंतीवरून पुढं आलं आणि दारात लिंबाखाली येऊन उभं राहिलं.

आदिनाथनं माझ्याकडं पाहिलं. मी आदिनाथकडं. विच्छेदनाच्या ताटात प्राणी उताणा ठेवतात, वाचकहो. त्याचं डावं आपल्या उजव्या हाताला येतं. गाडी उलथवलेली होती, म्हणून मी तशाच, गाडीचं डावं धरून, खुणा केल्या होत्या. शास्त्राप्रमाणे बरोबर! पण आदिनाथनं विच्छेदन केलेलं नाही. त्याला डावं म्हणजे ज्या हातात घड्याळ ते. क्राऊन उलट्या बाजूला बसला होता. आता डुकराला मागं जायला चार गिअर होते आणि पुढं यायला एक.

सगळे आईकडं बघायला लागले. भंगारवाल्यानं दोरखंड सोडायला घेतला. आईनं पडलेल्या भिंतीकडं पाहिलं, गिरणीकडं पाहिलं, आणि मग बाबांकडं. बाबांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, शाळकरी पोरानं पाटी धरावी तसं.

"मी चालती म्हणले होते," आई म्हणाली. "कुठल्या बाजूला चालती, ते कुठं म्हणले होते?"

बाबांनी नुसतीच मान हलवली. आई भंगारवाल्याकडं वळली. "भाऊ, रिकामे जाऊ नका. तो भिंतीचा पत्रा घेऊन जा. तसाही मला शेडमध्ये उजेड पाहिजे होता."

क्राऊन परत सुलटा करायचा म्हणजे सगळं पुन्हा उघडायला लागणार. बाबा ऐकेनात. "आधी नांदूरघाट. दुरुस्ती नंतर. आभार शिळे झाले की त्यांना चव राहत नाही!"

पुढं जायच्या एका गिअरनं गेलो असतो तर कारभारींच्या पुढच्या पेरणीला पोचलो असतो. म्हणून आम्ही मागं जायच्या चार गिअरनी गेलो. आडवाटेनं, शेपूट पुढं करून! बाबा मान वळवून चालवतायत, मागच्या बाकावर मी आणि आई पेढ्यांचा पुडा धरून.

"बाबा, डावीकडं घ्या!"

"कुणाचं डावं?" बाबा आणि आई एकदमच ओरडले.

कारभारींच्या दारात सगळं गाव जमलं होतं. भामाबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या. कारभारी पांढरीशुभ्र कापडं घालून हार घेऊन पुढं आले आणि थबकले. "सर, तोंड कुठल्या अंगाला हाय ह्याचं?"

"तिकडं पलीकडं," बाबा शरमून म्हणाले. "वळवतो, थांबा."

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या!" भामाबाई म्हणाल्या. "पावण्याची पाठ निघताना बघत्यात. तुमची येतानाच दिसली. आता पोटभर जेवल्याबिगर सुटका न्हाई!"

त्यांनी डिकीला हळदकुंकू लावलं. कारभारींनी डिकीच्या मुठीला हार घातला आणि दोघं आरती घेऊन वाकले. बाबांनी मागच्या काचेतून हात जोडले. पाठ केलेलं सगळं भाषण ते विसरले, आणि नुसतंच "लई उपकार..." एवढं म्हणून त्यांनी इंजिन बंद केलं.

फट्ट!

आरती विझली. सायलेन्सरचा धूर ओसरल्यावर काजळीतून कारभारींचे आणि भामाबाईंचे दात तेवढे दिसले. दोघंही हसत होते, म्हणून दिसले. आमच्या घराण्याची कृतज्ञता खरंच मनापासूनची आहे हो. फक्त ती डुकराच्या कुठल्या टोकातून बाहेर पडावी, हे ठरवणं आमच्या हातात राहिलं नाही.